डोंगरातील राहुटी आणि निवृत्तांची पुंजी

वाशीम जिल्हा पठारावर वसलेला आहे. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे सरकत सरकत जिथे विरून जाते, तेथील काळ्या जमिनीचा, सोयाबीन आणि तुरीचा हा प्रदेश. वैशाख वणव्यात होरपळणाऱ्या येथील मध्यमवर्गीयाला थंड हवेच्या ठिकाणाची ओढ वाटावी, यात नवल काहीच नाही. वऱ्हाडातील माणसाचे महाबळेश्वर म्हणजे चिखलदरा. अकोल्याहून अकोटमार्गे किंवा अमरावतीहून परतवाड्यामार्गे घाट चढून गेले, की सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे पठार लागते आणि अंगाची लाही थांबते. आतापर्यंत ही ओढ वर्षातून दोन दिवसांच्या सहलीने भागत असे. अलीकडे मात्र तिला एक नवे वळण लागले आहे. डोंगरात जाऊन राहण्यापेक्षा डोंगरातील जमीन विकत घ्यावी, तिथे दहा-पंधरा राहुट्या उभाराव्यात, पुण्या-नागपूरच्या तरुणांना त्या भाड्याने द्याव्यात आणि घरबसल्या उत्पन्न मिळवावे, हा विचार शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतील मधल्या सुट्टीत आणि निवृत्तांच्या सकाळच्या फेरफटक्यात बोलला जाऊ लागला आहे. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या रंगीत जाहिराती या विचाराला खतपाणी घालतात. धुक्यातील तंबू, शेकोटी, गिटार आणि खाली ‘हमखास परतावा’ अशी अक्षरे, असा त्या जाहिरातींचा थाट असतो.

या विचारामागे केवळ लोभ आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. तेव्हापासून म्हातारपणीच्या मीठभाकरीची तजवीज आपली आपणच करावयाची, ही भावना नोकरदाराच्या मनात घर करून बसली आहे. बँकेच्या ठेवीवरील व्याज महागाईच्या मागे धापा टाकत धावते. भागबाजाराची भीती वाटते. सोने घरात ठेवावयाचे तर चोराची भीती. अशा वेळी डोळ्यांना दिसणारी, पायांखाली लागणारी जमीन हाच खरा ठेवा, ही आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत उसळून वर येते. तेव्हा प्रश्न हेतूचा नाही. प्रश्न हिशेबाचा, कायद्याचा आणि डोंगराच्या स्वभावाचा आहे. या तिन्ही कसोट्यांवर हा व्यवहार कितपत उतरतो, हे पाहिल्याशिवाय आयुष्यभराची पुंजी त्यात घालणे म्हणजे डोळे मिटून दरीकडे चालणे होय.

गुंतवणूक की धंदा?

प्रथम एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. ज्या मालमत्तेवर मालकाचे श्रम न लागता उत्पन्न येते तिला गुंतवणूक म्हणावे. ज्या मालमत्तेपासून उत्पन्न काढण्यासाठी रोज कोणाला तरी राबावे लागते तो धंदा होय. मुदतठेव ही गुंतवणूक आहे. किराणा दुकान हा धंदा आहे. राहुट्यांचा तळ या दोहोंपैकी कशात मोडतो? तिथे पाणी भरावे लागते, स्वयंपाक करावा लागतो, शौचालये धुवावी लागतात, रात्री पहारा ठेवावा लागतो, मद्यधुंद पाहुण्यांना आवरावे लागते आणि वाऱ्याने फाटलेला तंबू पहाटे शिवावा लागतो. हा उघडच खानावळ आणि धर्मशाळा यांच्या मधला धंदा आहे. तो गुंतवणूक म्हणून विकला जातो, यातच पहिली फसगत आहे. वाशीमला शाळेत शिकविणारा किंवा तहसिलीत टिपणी लिहिणारा माणूस दोन जिल्हे ओलांडून हा धंदा चालविणार कसा? तो चालवील त्याचा तिथला व्यवस्थापक. आणि मालक दूर असलेल्या रोकडीच्या धंद्यात हिशेब कोणाच्या बाजूने झुकतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

शिवाय जो अजून सेवेत आहे त्याने आणखी एक गोष्ट विसरू नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीवाचून खाजगी व्यापार-धंदा करता येत नाही आणि स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची माहितीही शासनाला द्यावी लागते. पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने तळ चालवून ही अडचण टळते, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. चौकशीच्या वेळी मात्र ते सल्लागार भेटत नाहीत.

एकशे दोन रात्री

आता हिशेबाकडे वळू. जाहिरातीतील हिशेब नेहमी पूर्ण भरलेल्या तळाचा असतो. तो बाजूला ठेवून एक साधे उदाहरण घ्यावे. आकडे नमुन्याचे आहेत आणि प्रत्येकाने आपल्या माहितीप्रमाणे ते बदलून पाहावेत. पण हिशेबाची रीत हीच राहील.

समजा, जमीन, कुंपण, विंधन विहीर, शौचालये, वीज आणि दहा राहुट्या मिळून चाळीस लाख रुपये लागले. एका राहुटीचे जेवणासह एका रात्रीचे दीड हजार रुपये मिळतात असे धरू. म्हणजे तळ पूर्ण भरला तर रात्रीची मिळकत पंधरा हजार रुपये. यातून जेवणाचा खर्च तीस टक्के आणि गिऱ्हाईक आणून देणाऱ्या मध्यस्थाचे दलाल-शुल्क पंधरा टक्के वजा केले, की हाती सव्वाआठ हजार उरतात. दुसऱ्या बाजूला, तळ भरो वा रिकामा राहो, काही खर्च चुकत नाही. स्वयंपाकी, पहारेकरी आणि एक मदतनीस अशा तिघांना दरमहा बारा हजारांप्रमाणे वर्षाला चार लाख बत्तीस हजार द्यावे लागतात. ऊन आणि पाऊस खाऊन राहुटीचे कापड तीन वर्षांत संपते असे धरल्यास तिच्या बदलीपोटी वर्षाला सदुसष्ट हजार बाजूला काढावे लागतात. वीज, पाणी, डागडुजी यांना साठ हजार. एकूण स्थिर खर्च पाच लाख एकोणसाठ हजार रुपये.

वर्षातून सत्तर रात्री तळ पूर्ण भरला तर मालकाच्या हाती किती उरले? साडेअठरा हजार रुपये. चाळीस लाखांवर अर्धा टक्काही नाही. हेच चाळीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर कोणाचीही शौचालये न धुता दोन लाख ऐंशी हजार रुपये मिळाले असते. तेवढीच प्राप्ती या तळापासून व्हावी, तर तो वर्षातून एकशे दोन रात्री पूर्ण भरला पाहिजे. वर्षात आठवडे बावन्न आणि आठवडाअखेरीच्या रात्री एकशे चार. म्हणजे केवळ बँकेच्या बरोबरीला येण्यासाठी वर्षातील जवळजवळ प्रत्येक आठवडाअखेरीस, परीक्षांच्या दिवसांत, पितृपक्षात आणि घाट बंद पडणाऱ्या अतिवृष्टीतही, दहाच्या दहा राहुट्या भरलेल्या असल्या पाहिजेत. चिखलदऱ्याची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला माहीत आहे, की ती पावसाळ्यातील काही आठवडाअखेरी आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या यांत एकवटलेली असते. आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे गर्दीच्या भरात, तंबूत राहणे सर्वांत गैरसोयीचे असते. गिऱ्हाईक तेव्हा पक्के छप्पर शोधते.

या हिशेबात कर धरलेला नाही. शेतजमिनीवर तळ उभारला म्हणून त्याचे उत्पन्न शेतीचे ठरत नाही. ते धंद्याचे उत्पन्न असते आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. वस्तू व सेवा कराच्या व्याख्येतही कॅम्पिंगचा तळ हा हॉटेल-निवासातच गणला जातो. अपघाताचा विमाही यात धरलेला नाही. मालकाचे जाण्या-येण्याचे भाडे आणि रात्रीची उडालेली झोप यांची किंमत तर कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

खंड कोणाच्या पदरात?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. ‘धंद्यात काही उरले नाही तरी बिघडत नाही, जमिनीचे भाव तर वाढतीलच.’ हे उत्तर वरवर पाहता बिनतोड वाटते. परंतु डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खंडाचा जो विचार मांडला, तो या ठिकाणी आठवण्यासारखा आहे. जमिनीची किंमत ही तिच्यापासून पुढे मिळू शकणाऱ्या खंडावरून ठरते. याचा व्यवहारातील अर्थ असा, की रस्ता होणार, पर्यटन वाढणार, आकाशमार्ग येणार या सर्व वार्ता खरेदीदाराच्या कानी पडण्यापूर्वी विक्रेत्याने भावात मिळविलेल्या असतात. उद्याच्या भरभराटीचे पैसे खरेदीदार आजच मोजतो. ती भरभराट आली, तर त्याला फक्त मुद्दल मिळते. ती आली नाही, तर मुद्दलही बुडते.

चिखलदऱ्याचेच उदाहरण पाहावे. हरिकेन पॉइंटच्या आकाशमार्गाची चर्चा वऱ्हाडात किती वर्षे चालू आहे! सिडकोसारखी शासनाची बलाढ्य संस्था हाती असूनही ते काम परवानग्यांच्या प्रश्नाने वर्षानुवर्षे रखडले. मात्र त्याच्या नुसत्या घोषणेवर किती इसारपावत्या झाल्या असतील, याचा अंदाज कोणीही करावा. सह्याद्रीतील लवासाची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. मुळशीच्या डोंगरात उभे राहिलेले ते स्वप्ननगर २०१० च्या अखेरीस पर्यावरणाच्या परवानगीच्या वादात सापडले आणि २०१८ साली त्याची कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. तिथे घर घेणारे लोक अडाणी नव्हते. त्यांच्यापाशी वकीलही होते आणि हिशेबनीसही.

मग पवना धरणाच्या काठी, मावळात, गेल्या दहा-पंधरा वर्षांत राहुट्यांचे तळ उभे राहिले आणि चालले, ते कसे? कारण साधे आहे. तिथे पुणे आणि मुंबई ही दोन महानगरे काही तासांच्या अंतरावर आहेत. शिवाय ज्या स्थानिक शेतकऱ्याने आपल्या बांधावर तंबू टाकले, त्याने जमीन विकत घेतलेली नव्हती आणि राबणारे हात घरचे होते. त्याच्या हिशेबात चाळीस लाखांवरचे व्याजही नाही आणि तिघांचे पगारही नाहीत. त्याचा सत्तर रात्रींत संसार चालतो. बाहेरून आलेला खरेदीदार त्याच भावात त्याच्याशी स्पर्धा करू पाहतो आणि हरतो. या धंद्याचे अर्थशास्त्र भूमिपुत्राला अनुकूल आणि दूरस्थ मालकाला प्रतिकूल आहे, ही गोष्ट कोणतीही जाहिरात सांगत नाही.

सातबाऱ्यावर कोणाचे नाव?

कायद्याची बाजू याहूनही बिकट आहे. विदर्भात शेतजमिनीच्या हस्तांतरणाला १९५८ चा कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू आहे आणि त्यानुसार शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास मनाई आहे. वाशीमकडील पुष्कळ शिक्षक-कारकून शेतकरी कुटुंबातील असल्यामुळे ही अट त्यांना आडवी येत नाही हे खरे. परंतु चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके म्हणजे मेळघाट. हे अनुसूचित क्षेत्र आहे आणि तिथला मूळ रहिवासी प्रामुख्याने कोरकू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकण्यास जिल्हाधिकाऱ्याची आणि शासनाची पूर्वमंजुरी लागते. भाडेपट्ट्यालाही मंजुरीवाचून अर्थ नाही. १९७४-७५ च्या सुमारास झालेल्या कायद्यांनी अशा बेकायदा गेलेल्या जमिनी मूळ मालकाला परत देण्याची तरतूद केली, ती उगाच नव्हे. सावकाराच्या वहीत अंगठे उमटवून गेलेल्या जमिनींचा इतिहास तिच्यामागे आहे.

ही अडचण चुकविण्यासाठी जे मार्ग सुचविले जातात ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. नोटरीपुढे केलेली इसारपावती, मुखत्यारपत्र, नव्व्याण्णव वर्षांचा करार, एखाद्या स्थानिकाच्या नावावर जमीन आणि आपल्या नावावर संमतीपत्र. या कागदांनी मालकी मिळत नाही. ज्याच्या नावाचा सातबारा, त्याचीच जमीन. उद्या तो माणूस वारला, त्याच्या मुलांनी हात वर केले किंवा तहसीलदाराने फेरफार रद्द केला, तर दाद मागावयाची कोणाकडे? बेकायदा व्यवहाराला न्यायालयाचा आश्रय मिळत नाही. याहून गंभीर बाब अशी, की ज्या कोरकू कुटुंबाला दोन पैशांची निकड भागविण्यासाठी हा कागद करावा लागतो, ते कुटुंब आपल्याच शेतात पहारेकरी होऊन राहते. शिक्षकाने आपल्या निवृत्तीची सोय दुसऱ्याच्या निर्वासनावर बेतावी, हे त्याच्या पेशालाही शोभणारे नाही.

जमीन बिगर आदिवासीची असली, तरी प्रश्न संपत नाहीत. ती भोगवटादार वर्ग-१ ची आहे की वर्ग-२ ची? ती महसुलाच्या नोंदीत शेत आणि वनखात्याच्या नोंदीत वन तर नाही ना? १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमिनीचा वापर बदलण्यास केंद्राची मंजुरी लागते. १९७४ मध्ये घोषित झालेला मेळघाट व्याघ्रप्रकल्प हा देशातील पहिल्या काही प्रकल्पांपैकी एक आहे आणि त्याच्या आसपास काय करता येते व काय नाही याचे नियम वेगळे आहेत. एकरभर जमिनीचे पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे करून पन्नास जणांना ‘कॅम्पिंग प्लॉट’ म्हणून विकणाऱ्यांनी १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे काय केले, हेही विचारावयास हवे. आणि एकरात चाळीसच गुंठे असतात, हे तर चौथीतील मुलालाही ठाऊक असते.

डोंगर हिशेब विसरत नाही

राहुटीचा धंदा इतर धंद्यांपेक्षा एका बाबतीत निराळा आहे. त्याचा तोटा नेहमी पैशातच होतो असे नाही. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनमध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी बिएस्कास येथील कॅम्पिंगच्या तळावर अचानक ओढ्याचा लोंढा आला आणि ८७ माणसे मरण पावली. तो तळ ओढ्याने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावरच वसविलेला होता. जागा सपाट होती, सावली होती, पाणी जवळ होते. म्हणजे तळासाठी जे जे चांगले म्हणून पाहिले जाते, ते सर्व तिथे होते आणि त्याचे कारण एकच, की तो ओढ्याचा जुना मार्ग होता. पुढे २००५ मध्ये न्यायालयाने शासकीय यंत्रणेला त्याबद्दल जबाबदार धरले. १६ डिसेंबर २०२२ रोजी मलेशियात बातांग काली येथे पहाटेपूर्वी दरड कोसळून राहुट्यांत झोपलेली ३१ माणसे गेली. त्या जागेवर शेती चालविण्याचा परवाना होता, तळ चालविण्याचा नव्हता. शेताचा कागद दाखवून तळ चालविण्याची रीत आपल्याकडेही अपरिचित नाही.

आपल्याकडे माळीण २०१४ मध्ये, तळिये २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी २०२३ मध्ये डोंगराखाली गेली. ती तर पिढ्यान्‌पिढ्या वसलेली गावे होती. जेसीबीने उतार कापून सपाट केलेल्या नव्या तळाचा भरवसा कोणी द्यावा? केरळात वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ जानेवारी २०२१ मध्ये तंबूत मुक्कामास आलेल्या एका तरुणीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि त्यानंतर तिथल्या तंबू-पर्यटनावर बंधने आली. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली हिमालयातील बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली. एका निकालाने कित्येकांचे हंगाम त्या दिवशी बुडाले. मेळघाटात हत्ती नसला, तरी वाघ, बिबट्या आणि अस्वल आहेत. एक अपघात, एक निकाल किंवा एक अधिसूचना, आणि चाळीस लाखांचा तळ गवताचे कुरण होतो. हा धोका कोणत्याही व्याजदरात बसविता येत नाही.

पाण्याचा प्रश्न तर सर्वांत जवळचा. ज्या मेळघाटात पावसाळ्यात धबधबे कोसळतात, त्याच मेळघाटातील कित्येक गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ज्या महिन्यात मैदानातील माणूस थंडाव्यासाठी वर येतो, त्याच महिन्यात वरची विहीर तळ गाठते. पाहुण्याच्या अंघोळीसाठी खोल विंधन विहीर घेतली, की शेजारच्या ढाण्यातील उथळ विहीर आटते. हा खर्च तळमालकाच्या वहीत कधीच येत नाही. तो डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईच्या पायांवर चढतो.

सागवानाची आठवण

ज्यांना हे सर्व अतिशयोक्त वाटेल त्यांनी १९९० नंतरच्या दशकातील सागवानाच्या योजना आठवाव्यात. काही हजार रुपये भरा, तुमच्या नावाचे झाड लावू, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या, असे सांगणाऱ्या कंपन्यांचे त्या काळी पीक आले होते. झाड खरे होते, जमीनही कुठेतरी होती. फक्त परतावा नव्हता. त्या अनुभवातून १९९९ साली सेबीने सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा केला. तरीही ‘पर्ल्स’ या नावाने खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या पीएसीएल कंपनीने जमिनीच्याच नावावर सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून पैसा गोळा केला. २०१४ मध्ये सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी माजी सरन्यायाधीश लोढा यांची समिती नेमली. त्या कंपनीचे दलाल परके नव्हते. ते गावातीलच ओळखीचे, नात्यातले, कधी तर शाळेतले सहकारी होते. आपल्याकडे विश्वास ओळखीवर ठेवला जातो, कागदावर नाही. अशा योजनांचे सारे भांडवल तेच असते.

म्हणून एक कसोटी प्रत्येकाने पाठ करून ठेवावी. पैसा अनेकांचा एकत्र केला जातो, व्यवस्थापन दुसराच करतो आणि गुंतवणूकदाराला रोजच्या कारभारात शब्द नसतो, अशी योजना ‘जमीन विक्री’ या नावाने आली, तरी तिची सेबीकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. जमिनीच्या व्यवहारात ‘हमखास’ आणि ‘परत खरेदीची हमी’ हे शब्द दिसले, की सावध व्हावे. खरी जमीन विकणारा परतावा सांगत नाही, गट क्रमांक सांगतो.

मग करावे काय?

केवळ नकार देऊन कोणाचा प्रश्न सुटत नाही. डोंगराची ओढ असेल, तर तिचा मार्ग खरेदीतून जात नाही, हे आधी मान्य करावे. ज्याला चिखलदऱ्याची हवा हवी त्याने वर्षातून दहा दिवस तिथे जाऊन राहावे. चाळीस लाखांच्या एका वर्षाच्या व्याजातही अशा कित्येक सहली बसतात. त्या सहलीत त्याने स्थानिक कुटुंबाच्या घरी उतरावे. पैसा योग्य ठिकाणी जाईल आणि जमीन जिच्या हाती आहे तिच्याच हाती राहील.

मेळघाटाच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाचे उदाहरण या संदर्भात मोलाचे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड टेकड्या पुन्हा हिरव्या केल्या, सीताफळाची विक्री स्वतः उभी केली आणि २०१४ मध्ये या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. मालकी सामूहिक, राबणारे हात गावचे आणि नफा गावात. डोंगरातील मालमत्तेचे हे रूप टिकते असा अनुभव आहे. अशा ग्रामसभांनी उद्या राहण्याची सोय उभी केली, तर सुशिक्षितांनी तिथे मालक म्हणून न जाता गिऱ्हाईक, हिशेब-मार्गदर्शक आणि प्रचारक म्हणून जावे.

ज्यांची वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा वा मानोऱ्याकडे वडिलोपार्जित शेती आहे, त्यांच्यासाठी तर एक मार्ग घराच्या अंगणातच आहे. महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला आहे. कारंज्याला गुरुमंदिर आणि काळविटांचे अभयारण्य आहे, पोहरादेवीला बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र आहे, वाशीम ही तर वाकाटकांची वत्सगुल्म नगरी. अर्थात हिशेबाची रीत इथेही तीच लागू होते आणि एकशे दोन रात्रींचा प्रश्न इथेही विचारावाच लागतो. फरक एवढाच, की इथे जमीन विकत घ्यावयाची नाही, सातबारा घरचा आहे, राबणारे हात जवळ आहेत आणि धंदा बुडालाच, तर सोयाबीन पेरता येते. थोड्या खर्चाने सुरुवात करून, दोन हंगाम पाहून, मगच पुढे पाऊल टाकण्याची मुभा इथे आहे. डोंगरातील खरेदी ती मुभा देत नाही.

शासनाकडूनही काही अपेक्षा आहेत. डोंगरी भागात चालणाऱ्या प्रत्येक तळाची यादी तहसिलीच्या फलकावर लागावी आणि परवाना कोणत्या वापराचा आहे, उताराची व ओढ्याची तपासणी कोणी केली, हे त्या यादीत असावे. अनुसूचित क्षेत्रातील जमिनी बाहेर विक्रीस काढणाऱ्या जाहिरातींवर तक्रारीची वाट न पाहता कारवाई व्हावी. या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही. असलेल्या कायद्याचीच आठवण ठेवावी लागते.

निवृत्तीच्या दिवशी हातात पडणारी रक्कम ही तीस-पस्तीस वर्षांच्या सेवेचा एकरकमी मोबदला असतो. ती पुन्हा मिळत नाही. तरुण माणसाला धंद्यात ठोकर बसली, तर सावरण्यास त्याच्यापुढे आयुष्य असते. साठीच्या उंबरठ्यावरील शिक्षकापुढे ते नसते. त्या रकमेत मुलीचे लग्न, पत्नीचे औषधपाणी आणि कोणापुढे हात न पसरण्याचा स्वाभिमान दडलेला असतो. तिचा विनियोग ठरविताना जाहिरातीतील धुके बाजूला सारून गट क्रमांक, उतार, पाणी आणि रात्रींची संख्या या चार गोष्टी पाहाव्यात. त्या पाहिल्यानंतरही ज्याला डोंगरात जमीन घ्यावीशी वाटेल तो खुशाल घेवो. पण तो गुंतवणूक करीत नसून धंद्यात उतरत आहे, एवढे त्याने स्वतःशी आणि घरच्यांशी आधी स्पष्ट बोलावे.